मुळांना दूध चालत नाही

‘मेंटेनन्स शून्य’ हे दोन शब्द ज्यानं आमच्या माहितीपत्रकावर छापले, त्याला मी कधी भेटले नाही हे त्याचं नशीब. भेटले असते तर मे महिन्यात खारघरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये नेऊन त्याला टाकीचं झाकण उघडायला लावलं असतं आणि म्हटलं असतं, घे, हुंग. त्या दोन शब्दांमागे मी नोकरीची शेवटची वर्षं निस्तरानिस्तर करत फिरले.

मी पनवेलची. रसायनशास्त्रातली पदवी, आणि तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची तपासणी करण्यात उमेदीची वर्षं गेलेली. पाणी किती आंबट, किती खारट, किती जड, हे दिवसभर बघायचं. तो विभाग बंद झाला तेव्हा मी घरी बसणार होते, पण बसून राहायचा माझा स्वभाव नाही, आणि मी घरी बसावं असा घरच्यांचाही आग्रह दिसला नाही. त्याच सुमारास नवीन पनवेलमधल्या एका लहानशा कंपनीला ‘पाणी समजणारं माणूस’ हवं होतं. ही कंपनी घरात ठेवायच्या बागा विकायची. माती नाही, कुंडी नाही, ऊनसुद्धा नाही. हॉलमध्ये कपाटाएवढं यंत्र ठेवायचं, त्यात पाणी, वर दिवे, आणि पालक, पुदिना, लेट्यूस घरच्या घरी. तेव्हा इकडे टॉवर नुसते उगवत होते आणि टॉवरमधल्या प्रत्येकाला काहीतरी हिरवं हवं होतं. विकायचं काम गोड बोलणाऱ्यांकडे होतं. विकून झालं की मला पाठवायचे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगते. खाली पाण्याची टाकी. टाकीवर भोकं पाडलेलं झाकण. प्रत्येक भोकात जाळीची वाटी, वाटीत भाजलेल्या मातीच्या गोट्या, आणि त्या गोट्यांत रोप. मुळं जाळीतून खाली पाण्यात सुटतात. मातीतून झाडाला जे मिळालं असतं ते आपण बाटलीतून पाण्यात घालायचं. मुळांना श्वास लागतो, म्हणून एक छोटा पंप पाण्यात हवा सोडत राहतो आणि दुसरा पाणी फिरवतो. पाणी फार आंबट नको, फार खारट नको, कोमट नको. एवढंच. ऐकायला अगदी सोपं आहे. पोहणंही ऐकायला सोपंच असतं.

यातली मेख अशी, की माती माणसाच्या चुका पोटात घालते. कुंडीत तुम्ही उरलेला चहा ओता, तांदळाचं धुवण ओता, आठवडाभर पाणी घालायला विसरा, माती बिचारी निभावून नेते. पाण्याला पोट नसतं. त्यात जे घालाल ते थेट मुळांना लागतं. आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत काहीबाही ओतत आलेली माणसं. त्यांच्या हाताला सवय होती ती सवय होती. ‘माती नाही’ याचा अर्थ त्यांनी ‘काही करायला नको’ असा घेतला, आणि तरी करायचे ते सगळं करतच राहिले.

मी दारात शिरले की आधी झाड बघायची नाही, मुळं बघायची. पानं खोटं बोलतात. पान बरेच दिवस टवटवीत राहून घरच्यांना फसवतं, मुळं फसवत नाहीत. पांढरी असली की झाड सुखी. पिवळसर झाली की तक्रार सुरू. तपकिरी, बुळबुळीत आणि हात लावताच सुटून येणारी असली, तर मला उशिरा बोलावलंय. बहुतेक वेळा उशिराच बोलवायचे. आधी वॉचमनला दाखवायचे, मग सोसायटीच्या माळ्याला, मग इंटरनेटवर वाचून त्यात बेकिंग सोडा घालायचे, आणि मग, ‘मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय.’

खारघरमध्ये बँकेतले एक साहेब होते. त्यांना मुळं वाढताना बघायचा नाद लागला. रोज सकाळी प्रत्येक रोप वाटीसकट उचलायचं, मुळं उजेडात धरून बघायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि परत ठेवायचं. मुळांची बारीक लव रोज तुटायची, झाडं रोज नव्यानं सुरुवात करायची. लेट्यूस बोटभर उंच होऊन तिथंच थांबलं. मी त्यांना म्हटलं, तान्ह्या मुलाचं पांघरूण दर घटकेला काढून बघितलंत तर ते झोपेल का? त्यांनी कंपनीकडे तक्रार केली की तुमची बाई उद्धट बोलते. कंपनीनं मला जरा मवाळ बोलायला सांगितलं. मी प्रयत्न करून पाहिला.

दुसऱ्या एका कुटुंबानं टाकीत गप्पी मासे सोडले. एवढं पाणी आहे ताई, फुकट का जाऊ द्यायचं, हे त्यांचं म्हणणं. झाडांच्या खताच्या पाण्यात मासे जगत नाहीत. मासे मेले, घरातल्या छोटीनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि मी दार उघडून आत गेले तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच ते मारले. आणखी एकांना वास्तुवाल्यानं सांगितलं की बाग ईशान्येला हवी. त्यांच्या ईशान्येला वॉशिंग मशीन होतं. त्यांनी बाग तिथे नेली आणि मग पुदिन्याला साबणाचा वास का येतो म्हणून मला फोन केला. गणपतीत गावी जाताना ‘सेफ्टी’ म्हणून मेन स्विच बंद करणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. दिवे बंद, पंप बंद, मुळं गुदमरून गेली. प्रसादाचे मोदक मात्र मला आवर्जून आणून द्यायचे, ते मी रागारागानं खायची.

पण या सगळ्यांनी मिळून दिला नसेल तेवढा ताप मला एका म्हाताऱ्या बाईनं दिला. तिला सगळे आय म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

रामदास घरत हा तिचा मुलगा. तळोज्यात शिफ्टमध्ये नोकरी, बायको वैशाली शाळेत शिक्षिका, खारघरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. गाव चिरनेरच्या पुढे. वडील गेल्यावर आय गावच्या घरात एकटीच राहायची. एकदा ती मोरीत पडली आणि शेजारीण भाजी द्यायला आली तोवर तशीच पडून राहिली. त्यानंतर रामदासनं तिला उचलून चौदाव्या मजल्यावर आणलं. ती आली, पण अट घालून आली. या घरात तुळस जगली तर मी राहीन, नाहीतर मना गावाला सोड.

खिडकीतल्या कुंडीत तुळस लावली ती वाऱ्यानं गेली. चौदाव्या मजल्यावर खाडीकडून येणारा वारा तुळशीसारख्या झाडाला सोसत नाही. दुसरीही गेली. आयनं कपड्यांची पिशवी भरून दाराजवळ ठेवली. तेव्हा रामदासनं आमच्या विक्रेत्याला गाठलं. विक्रेत्यानं तुळशीची गॅरंटी दिली. खोटं बोलायला त्याचं काय जात होतं? गॅरंटी निभावायला मी होते.

मला पहिला फोन आला तो रामदासचा. ‘मॅडम, बाकीची भाजी मेली तरी चालंल. तुळस जगली पाहिजे. आय गेली तर मी रोज कामावर जाऊन तिकडं जीव टांगून बसनार. ती पडली तर कोन उचलनार तिला?’ एवढा मोठा बाप्या माणूस, पण आवाज कापत होता. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपण आजवर पुदिनाच वाचवत होतो.

घरात शिरले तर हॉलभर नासक्या दुधाचा वास. घरच्यांचा समज की बेसिनचा पाइप तुंबलाय. टाकीचं झाकण उघडलं. पाणी गुलाबी. तळाशी भात शिजवायला ठेवल्यासारखे फुगलेले तांदळाचे दाणे. मुळांवर पिवळट साय. पालक, पुदिना, सगळं एका टाकीत असल्यामुळे सगळ्यांचीच मुळं कुजायला लागलेली, तुळस कशीबशी तग धरून. मी विचारलं, यात दूध कोण घालतं? रामदास म्हणाला, कोणी हातसुद्धा लावत नाही. वैशालीनं छताकडे बघितलं. खुर्चीत बसलेली आय ताठ मानेनं म्हणाली, ‘मीच. मंग दुसरं कोन घालील?’

रोज सकाळी आंघोळ झाली की ती तांब्याभर पाणी तुळशीला घालत होती. त्यात चमचाभर दूध, वर हळदकुंकू, अक्षता. जन्मभर केलं तेच. तिच्या दृष्टीनं तुळस अंगणातून हॉलमध्ये आली होती, एवढंच. मी तिला समजावून सांगितलं की या झाडाला पाणी घालायचं नाही, यंत्र घालतं. हळद नको, तांदूळ नको, आणि दूध तर अजिबात नको. मुळांना दूध चालत नाही.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पानी मी नाय घालाचा, त मंग तुलस हाय कशाला?’

ऑक्सिजनसाठी म्हणून सांगू? मी रामदासकडे वळून जरा चढ्या आवाजात सांगितलं की आयला लांब ठेवा, नाहीतर तुळशीची जबाबदारी माझी नाही. टाकी रिकामी केली, मुळं साध्या पाण्यात हलक्या हातानं धुतली, कुजलेली कात्रीनं काढली, नवीन पाणी भरलं, आणि जिना उतरल्यासारखी धडाधडा बोलत लिफ्टनं खाली आले.

मुळं सुधारली. पण आठवडा जातो न जातो तोच वैशालीचा फोन. आय चहा पीत नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा तिचा नेम होता. घालायला बंदी, म्हणून चहा बंद. चहा बंद म्हणून सकाळची गोळीही घेत नाही. दुपारी चक्कर येते. मी म्हटलं, अहो, देवाला पाणी दाखवा आणि चहा प्या. वैशाली म्हणाली, मॅडम, हे तुम्हीच येऊन सांगा, माझी हिंमत नाही.

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. यंत्राचा काही दोष नव्हता. झाडाचाही नव्हता. पाणी छान, दिवे छान, पंप छान, आणि या सगळ्या छान गोष्टींच्या मध्ये एक उपाशी म्हातारी बसलेली. रिक्षात बसून येताना मी स्वतःशी पुटपुटत होते की पुढच्या जन्मी बॉयलरच सांभाळीन, बॉयलर नेम धरत नाहीत.

वाटेत एक मात्र सुचलं. तुळस टाकीतून बाहेर काढायची. एक वेगळी प्लास्टिकची बादली घेतली, तिला तळाशी नळी बसवली, आत भाजलेल्या गोट्या भरल्या, त्यात तुळस लावली. पंप नाही, टाकी नाही. वरून रोज सकाळी खताचं पाणी घालायचं, ते गोट्यांमधून मुळांना भिजवत खाली उतरणार आणि नळीतून वाटीत पडणार. ती वाटी बेसिनमध्ये रिकामी करायची. खताचं पाणी मी मोठ्या कॅनमध्ये तयार करून ठेवलं आणि आयसमोर ठेवून म्हटलं, ‘हे तुळशीचं पाणी. तुम्ही घातलं नाहीत तर ती मरेल. पंप मी काढून टाकलाय.’

तिनं कॅनचं झाकण उघडून वास घेतला. मग तांब्या घेऊन आली. कुंकवावरून आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, कुंकू बादलीला बाहेरून, अक्षता ताटलीत, पाणी झाडाला. दुधावर ती अडून बसली. मी म्हटलं, दूध तुमच्या चहात. ती म्हणाली, ‘बरा. यंत्राचा काम मना दिला म्हनाचा.’ त्या दिवशी तिनं चहा प्यायला, मीही प्यायले, आणि वैशालीनं स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तुळस काय फोफावली म्हणून सांगू! कंपनीच्या कुठल्याही यंत्रात तशी तुळस मी पाहिली नव्हती. आय रोज वेळेवर पाणी घालायची, वाटी स्वतः रिकामी करायची, कॅन संपत आला की मला फोन लावायला सुनेच्या मागे लागायची. दाराजवळची कपड्यांची पिशवी दिसेनाशी झाली. पण म्हणून मला शांतता मिळाली असेल असं समजू नका. तिचे फोन सुरू झाले. दूध नाय, पन ताक चालंल का? उसाचा रस? गावावरून कोंबडीखत आनलाय, जरासा घालू का? तुळस ऊन मागते, तिला जरा गच्चीवर फिरवून आणू का? मी म्हणायची नको, ती म्हणायची बरा, आणि पुढच्या फोनवर दुसरं काहीतरी. मजल्यावरच्या बायका सकाळी तुळस बघायला यायला लागल्या आणि आय त्यांना सांगायची की या तुळशीला मातीपन लागत नाय, फकस्त मी लागते.

आणि मग कार्तिक आला.

मला आमंत्रण आलं ते द्वादशीच्या संध्याकाळी तुळशीच्या लग्नाचं. गेले तर हॉल माणसांनी भरलेला, गावाकडून टेम्पो करून मंडळी आलेली. प्लास्टिकच्या बादलीला गेरू लावलेला होता, तो प्लास्टिकवर टिकेना म्हणून ओघळून फरशीवर आला होता. त्यावर चुन्यानं राधा-दामोदर प्रसन्न. बादलीभोवती उसाचा मांडव. इथवर ठीक होतं. मग माझं लक्ष गेलं की मांडवाचा एक ऊस चांगला हातभर खोल बादलीतच खुपसलेला आहे, तुळशीच्या बुंध्याला लागून. म्हणजे मुळांमधून. गोट्यांवर आवळे आणि चिंचा ठेवलेल्या. लग्नात ते लागतंच, मला माहीत आहे, आमच्या घरीही लागतं. पण आमच्या घरी माती आहे. चिंच पाण्यात उतरली की त्या पाण्याचं काय होतं हे मला विचारा.

मी पुढे सरकून तोंड उघडलं, तेवढ्यात एका मावशीनं माझ्या हातात अक्षता कोंबल्या आणि दटावलं, ‘शुभकार्यान मोडता घालाचा नाय.’ अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू. सावधान म्हटलं की दहा-वीस हातांनी अक्षता त्या बादलीत. मग पंचामृताचं स्नान. दूध, दही, तूप, मध, साखर, एकेक करून सगळं मी डोळ्यांनी गोट्यांत उतरताना पाहिलं. बॉयलरमध्ये कोणी असं केलं असतं तर मी भोंगा वाजवला असता. इथे मी अक्षता टाकल्या आणि पेढा खाल्ला.

आयचा चेहरा मात्र त्या दिवशी बघण्यासारखा होता. नवी साडी, कपाळभर कुंकू, गावच्या बायकांना आपल्या हॉलमध्ये बसवून ती लग्नघरच्या बाईसारखी हुकूम सोडत होती. माझ्या मनात आलं, उद्या सकाळी येऊन सगळं धुऊन काढू. तसं रामदासला कानात सांगितलं. त्यानं मान हलवली. आयला ते ऐकू गेलं. पौर्णिमेपर्यंत मांडव हलवायचा नाही, बादलीला हात लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि गावकीच्या देखत तिला कोण अडवणार होतं?

पौर्णिमा उलटली आणि रामदासचा फोन आला. पानं गळताहेत, बुंधा खाली काळा पडलाय, वास येतोय. आयनं अजून काही विचारलेलं नाही, पण सारखी तुळशीसमोर बसून असते, आणि काल तिनं माळ्यावरून कपड्यांची पिशवी काढायला सांगितली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘मॅडम, एक काम करा ना. येताना अशीच दिसणारी दुसरी तुळस घेऊन या. आय देवळात गेली की बदलू. तिला कळनार नाय.’

असले उद्योग मी कधी केले नव्हते. गिऱ्हाइकाला चार शब्द ऐकवून मोकळी होणारी बाई मी, झाडांची अदलाबदल करणारी नाही. पण मोरीत पडलेली आय माझ्याही डोळ्यांसमोर यायला लागली होती. पनवेलच्या नर्सरीत जाऊन मी तेवढ्याच उंचीची, तशाच पानांची तुळस शोधली. एकीची पानं जास्त काळपट, दुसरीला मंजिऱ्या नाहीत, तिसरी वाकडी. नर्सरीवाला वैतागून म्हणाला, बाई, सून बघायला आलात का? शेवटी एक मिळाली. ती कापडी पिशवीत घालून, वर ओढणी टाकून, मी चौदाव्या मजल्यावर गेले.

आय देवळात गेलेली नव्हती. बादलीसमोर खुर्ची टाकून बसली होती. रामदास भिंतीला टेकून उभा, शिफ्ट सोडून घरी थांबलेला. दाराजवळ ती कपड्यांची पिशवी. मी माझी पिशवी पाठीमागे ठेवली आणि बादलीशी बसले. ऊस काढला, त्याच्याबरोबर मुळांचा एक पुंजकाच बाहेर आला. तपकिरी, बुळबुळीत, चिंचेचा आणि आंबलेल्या दह्याचा वास मारणारा. बुंधा बोटानं दाबला तर मऊ. शेंड्याकडची एखादी हिरवी फांदी घेऊन ती रुजवावी, तर वर सगळ्या मंजिऱ्या आणि त्याही वाळलेल्या. घेण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

रामदास आयच्या पाठीमागून मला खुणा करत होता. हातानं, डोळ्यांनी, नको म्हणून.

‘मेली ना?’ आयनं विचारलं.

या धंद्यात मी मेलेल्या झाडाला मेलेलं म्हणायला कधी कचरले नव्हते. बँकेतल्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती, शब्दही जुळवले होते, की मूळ पकडायला वेळ लागतो, थोडी वाट बघू. पण ती माझ्याकडे अगदी सरळ बघत होती.

‘हो आय. मेली,’ मी म्हटलं.

रामदासनं तोंड खिडकीकडे फिरवलं. आयनं त्या वाळलेल्या तुळशीकडे बघितलं. मग लेकाच्या पाठीकडे बघितलं. त्याचे खांदे हलत होते. त्याला वाटत होतं की ते कोणाला दिसत नाही.

‘मरल कशी?’ ती म्हणाली. ‘लगीन झाला ना तिचा, चार मानसांचे देखत. लगीन झाल्यावर पोर रते का बापाचे घरान? गेली ती सासरी.’

मला आधी कळलंच नाही. रामदासलाही नाही. तो वळून तिच्याकडे बघायला लागला. आयनं दाराजवळच्या कपड्यांच्या पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्या मागच्या पिशवीकडे हात केला. ओढणीखालून दोन पानं बाहेर आलेली होती.

‘ती लावा. लहान हाय अजून. वाढवाची, मंग तिचा पन लगीन कराचा. कोन करल? याला जमनार हाय का याचे बायकोला?’

मला राग आला. खरंच आला. वर्ष संपत आलं होतं, मी पाणी तपासायचं मीटर घेऊन धावले, कॅन वाहिले, ताकापासून कोंबडीखतापर्यंत फोन घेतले, नर्सरीवाल्याचे टोमणे खाल्ले, आणि या बाईच्या पदरात एवढा सोपा तोडगा होता. पहिल्या दिवशी का नाही काढला? आणि लगेच समजलं की पहिल्या दिवशी तो तिच्याजवळ नव्हताच. पहिल्या दिवशी तिला जायचंच होतं. मग माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायला बादलीत वाकले, तर त्या आंबट वासानं आणखीनच पाणी आलं.

रामदास फरशीवर आयच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, उठायला आधार म्हणून त्याच्या खांद्यावर जोर दिला आणि तांब्या आणायला आत गेली. मी नर्सरीच्या तुळशीची माती धुवायला बेसिनवर उभी राहिले. ती मागून येऊन माझ्या हातातली मुळं निरखून बघायला लागली आणि म्हणाली, ‘पांडरी हायत.’